तांबडा विंचू आणि महाडचे डॉक्टर

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही काहीतरी इतिहासाचे लिहा." इतिहास म्हटला की आपल्या भाईंदरकरांना वसईची मोहीम आणि घोडबंदर आठवते. त्यावर लिहिणाऱ्या शिकलेल्या भगिनी आपल्या मंडळात आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा ज्या इतिहासाची झळ आमच्या घराला लागली, तोच मी लिहिते. या इतिहासात लढाई आहे, पण ती बोटाएवढ्या प्राण्याशी आहे. आणि तो फार जुनाही नाही. त्यातली बरीच माणसे आज हयात आहेत.

माझे माहेर महाड तालुक्यातले. आपल्या मंडळात महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा इकडच्या कितीतरी माहेरवाशिणी आहेत. मे महिना आला की आपण मुलांना घेऊन गावी जातो. त्यांना तांबडा विंचू म्हणजे काय हे सांगावयास नको. ज्यांचा जन्म इकडे मिठागरांच्या बाजूला किंवा मुंबईत झाला, त्यांच्यासाठी थोडे सांगते. कोकणात विंचू दोन तऱ्हेचे. एक काळा, मोठा, नांग्या जाड. त्याला आम्ही इंगळी म्हणतो. ती दिसली की बायामाणसे किंचाळतात. दुसरा लहान, तांबूस, दोन-अडीच इंचांचा, शेपूट बारीक. त्याला पाहून कोणी फारसे दचकत नाही. खरी गोष्ट उलटी आहे. इंगळी चावली तर माणूस तळमळतो, पण बहुधा जिवाला अपाय होत नाही. जीव घेतो तो हा लहान तांबडा. तो जांभ्या दगडाच्या फटीत, पेंढ्यात, कौलांखाली, लाकडांच्या ढिगात राहतो. पावसाळ्यापूर्वी शाकारणीची, लाकडे भरण्याची घाई असते, त्याच दिवसांत तो अधिक भेटतो.

सन १९७५ च्या मे महिन्यात माझी धाकटी मावशी माहेरपणाला आली होती. वय एकोणीस, लग्नाला वर्षही झाले नव्हते. मी तेव्हा जन्मले नव्हते. पण ही हकीकत आईने मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तेथे होते असेच वाटते. तिन्हीसांजेला मावशी पडवीतून लाकडे आणावयास गेली आणि हात झटकीत ओरडत आली. विंचू मारला, तो तांबडा निघाला. मांत्रिकाला बोलावणे गेले. त्याने नारळ, सव्वा रुपया घेतला, निंबाच्या डहाळीने उतरवले. अर्ध्या तासाने मावशीचे कण्हणे कमी झाले. अंगाला घाम फुटला, इतका की चोळी भिजून गेली. दोन वेळा उलटी झाली. आजी म्हणाली, "उतरलं गं बाय! घामावाटे निघालं, उरलंसुरलं उलटीतून पडलं." सर्वांना हायसे वाटले. आई तिच्या उशाशी बसली होती. मावशीचे हातपाय बर्फासारखे गार लागत होते, म्हणून तिने घोंगडी घातली, आणि गार पडले म्हणजे आग थांबली असे तिलाही वाटले. मध्यरात्री मावशीला खोकल्याची उबळ आली, श्वास पुरेना, ओठांवर गुलाबी फेस आला. डोलीची जुळवाजुळव होईतो उजाडले होते, आणि मग डोलीचे काम उरले नाही.

आई आजही म्हणते, "तिला आराम पडला असं आम्ही म्हणत होतो, तेव्हाच ती जात होती."

आता यातला इतिहास. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९७६ साली, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचे नाव डॉ. हिम्मतराव बावस्कर. हे गृहस्थ कोकणातले नव्हेत. आताच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकरी घरातले. हालअपेष्टा सोसून नागपूरला डॉक्टरी शिकले. त्यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. मंडळाच्या कपाटासाठी ते घ्यावे अशी माझी सूचना आहे.

त्या काळी विंचवाच्या रोग्याला दवाखान्यात आणले तर काय होई? दंशाच्या जागी बधिर करण्याचे इंजेक्शन देत, म्हणजे ठणका थांबे. ठणका थांबला म्हणजे रोगी बरा झाला, असे घरच्यांना वाटणे साहजिक होते. बाकी जी औषधे देत त्यांनी गुण येत नसे. काहींनी तर, हे पुढे समजले, उलट अपाय होई. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहून ठेवले होते की विंचवाच्या दंशानंतर फुप्फुसात पाणी भरून रोगी दगावतात. दुखणे अशा रीतीने नोंदले गेले होते. उपाय मात्र कोणाच्या हाती नव्हता. शिवाय हा चावतो कोणाला? लाकडे वेचणारीला, पेंढा उचलणाऱ्याला, अनवाणी पोरांना. मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांसमोर हे रोगी यायचेच नाहीत, मग त्यावर विचार कोण करणार? माझे हे बोलणे कोणाला तिखट वाटेल, पण मला तसेच वाटते.

बिरवाडीच्या डॉक्टरांनी जे केले ते सांगावयास अगदी साधे आहे. ते रोग्याच्या खाटेजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांची ऊब, घाम हे सर्व तासातासाला पाहून लिहून ठेवले. एक रोगी, दुसरा, दहावा, पन्नासावा. तसे करता करता त्यांच्या ध्यानात आले की जो रोगी मोठमोठ्याने ओरडतो, ज्याच्या दंशाच्या जागी असह्य ठणका आहे पण अंग कोरडे आणि गरम आहे, तो बहुधा वाचतो. ज्याला उलटी होते, दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ सुटते, हातपाय गार पडतात, त्याच्या हृदयावर विष चालून गेलेले असते. मग त्याचा ठणका कमी असो की जास्त. लहान मुलाच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. लिहावयास संकोच वाटतो, पण लेकराच्या जिवापुढे संकोच कसला? मुलग्याची शूची जागा ताठ होऊन राहते. आईने कपडे काढून पाहावे, लाजू नये. या खुणा फेस येण्याच्या, श्वास लागण्याच्या आधी दिसतात. म्हणजे हाती थोडा वेळ असतो.

हे निरीक्षण १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. कोठे लंडन आणि कोठे आमची बिरवाडी! आमच्या आजीने ज्या घामाला आणि उलटीला विष उतरल्याची खूण मानली, तीच विष चढल्याची खूण होती, हे तेव्हा छापील शब्दांत सिद्ध झाले. आजीला दोष देणार नाही. तिने तिच्या आजीकडून ऐकले होते. ज्या शंभरांना विंचू चावतो त्यांतले पुष्कळ आपोआप बरे होतात, त्याचे श्रेय मांत्रिक घेतो. जे जातात त्यांचे आयुष्यच तेवढे, असे म्हणतात. असा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालला होता.

विष करते तरी काय? माझा पुतण्या औषधांच्या दुकानात काम करतो, त्याने मला समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. आपण घाबरलो की अंगात एक रस सुटतो, छाती धडधडते, हातपाय गार पडतात. विंचवाचे विष तो रस एकदम पुरासारखा सोडवते. त्यामुळे सर्व अंगातल्या रक्ताच्या नळ्या आवळल्या जातात. हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावे लागते. विहिरीचा पंप चालू आहे आणि पुढे पाइप कोणी पायाखाली दाबून धरला आहे, असे समजा. पंप थकतो, पाणी मागे तुंबते. येथे ते फुप्फुसात तुंबते. तोच तो गुलाबी फेस.

मग त्यावर उपाय पाइपावरचा पाय काढणे. डॉक्टरांनी मध्यंतरी पुण्यास जाऊन एम. डी. ची पदवी घेतली, आणि हे मला सर्वांत विशेष वाटते, ते पुन्हा महाडला परत आले. एवढी पदवी घेऊन पुण्या-मुंबईस दवाखाना थाटता आला असता. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही डॉक्टर. पुढची सारी वर्षे दोघांनी मिळून हे काम केले. नळ्या सैल करणारे एक औषध शिरेतून थेंबथेंब द्यावे लागे. ते गुणकारी होते, पण त्यासाठी सारखी नजर ठेवणारा माणूस आणि साधनसामग्री पाहिजे. खेड्यात ती कोठली? तेव्हा त्यांनी रक्तदाबावरच्या प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपयोग केला. तिचेही काम तेच, आवळलेल्या नळ्या सैल करणे. गोळी स्वस्त, पोटात घेण्याची, लहानशा दवाखान्यातही ठेवता येण्याजोगी. १९८६ साली त्याचा वृत्तांतही 'लॅन्सेट'मध्ये आला. पूर्वी गंभीर लक्षणे झालेल्या शंभर रोग्यांतले पंचवीस-तीस, कोठे कोठे चाळीसही दगावत. या गोळीनंतर ते प्रमाण शंभरात एकावर आले.

पुढे घोड्यांच्या रक्तापासून केलेली विंचवाची लसही आली. हाफकिनने ती तयार केली. २०११ साली डॉक्टरांनी महाडच्या सत्तर रोग्यांवर तुलना करून दाखवली. नुसती गोळी दिलेले रोगी सरासरी पावणेअठरा तासांनी पूर्ण बरे झाले. गोळी आणि लस दोन्ही दिलेले आठ तासांत. २०२२ साली सरकारने डॉ. हिम्मतरावांना पद्मश्री दिली. त्या दिवशी आमच्या गावात पेढे वाटले, असे भावाने फोनवर सांगितले.

भाऊ म्हणजे माझा धाकटा भाऊ. १९८९ साली तो सहा वर्षांचा होता. त्याच पडवीत, मे महिन्यातच, त्याला पायाला विंचू चावला. या वेळी आई मांत्रिकाची वाट पाहत बसली नाही. तिने त्याचा सदरा वर करून पाठीला हात लावला. घाम. तळपाय पाहिले. गार. आजी तेव्हा जिवंत होती, ती काही बोलावयास गेली, तर आई म्हणाली, "आता नाही हं." एवढेच. वडिलांनी दुधाचा टेंपो थांबवला आणि आम्ही सगळी जवळच्या गावच्या एका डॉक्टरांकडे गेलो. ते बावस्कर नव्हेत. पण एका डॉक्टरांनी शोधलेली विद्या तोवर दुसऱ्यांच्या टेबलाच्या खणात गोळी होऊन येऊन पडली होती. ही विद्या महाडलाच राहिली असती, तर दूरच्या वाडीतल्या पोराला तिचा काय उपयोग?

डॉक्टरांनी गोळी दिली आणि भावाला सपाट निजवून ठेवले. आईने त्याला मांडीवर घेण्यासाठी हात पुढे केले, तर ते म्हणाले, "बाई, उचलू नका. या औषधाने रक्तदाब एकदम उतरतो. उठवलंत तर चक्कर येऊन जीव घाबरेल. निजल्या निजल्या पाणी पाजा." रडणाऱ्या मुलाला मांडीवर न घेणे हे आईला किती कठीण, ते तुम्हां भगिनींना सांगावयास नको. ती रात्रभर बाकावर बसून त्याचे तळपाय हातात धरून होती. डॉक्टर दर थोड्या वेळाने येऊन पावलांना हात लावीत. मी आठ-नऊ वर्षांची, भिंतीला टेकून जागी होते. पहाटे आई एकदम म्हणाली, "डॉक्टर, ऊन लागतायत." पाय गरम झाले म्हणजे नळ्या सैल झाल्या, रक्त वाहू लागले. हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिने हाताने ओळखले.

आता कोणी म्हणेल, भाईंदरच्या आठव्या मजल्यावर विंचू कोठला? खरे आहे. पण ही हकीकत मी विंचवापुरती सांगत नाही. एकदा पुतण्याने मला नेपोलियनच्या फौजेतल्या लारे नावाच्या शस्त्रवैद्याची गोष्ट सांगितली. रणांगणावरून जखमी सैनिकांना ताबडतोब उचलून आणण्यासाठी १७९० नंतरच्या वर्षांत त्याने घोड्यांच्या हलक्या गाड्या केल्या. आजच्या रुग्णवाहिकेची ती पणजी म्हणावयाची. त्याचा नियम असा की शिपाई असो वा सरदार, ज्याची जखम जिवावरची त्याला आधी पाहावयाचे. ऐकताना मला वाटले, हुद्द्याचे तसेच आरडाओरड्याचे. जो ओरडतो तो निदान ओरडण्याइतका श्वास घेत असतो. गप्प पडलेल्याकडे आधी पाहावे.

गेल्या जानेवारीत आमच्याच इमारतीत प्रत्यय आला. नाव लिहीत नाही, पण त्या वहिनींनी प्रसंग लिहिण्यास परवानगी दिली आहे. रात्री नऊच्या सुमारास त्या दार ठोठावून म्हणाल्या, "ह्यांना जरा गॅस झालाय, ओवा आहे का?" मी ओवा घेऊन गेले. भाऊजी सोफ्यावर बसलेले. छातीत दुखते का विचारले, तर म्हणाले, "दुखत नाही हो, नुसतं जड वाटतंय." थंडीचे दिवस, पंखा बंद, आणि कपाळावरून घामाच्या धारा. वहिनी म्हणाल्या, "घाम आला ना, आता मोकळं वाटेल." ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी भाऊजींचा हात हातात घेतला. वास्तविक परक्या पुरुषाचा हात कधी धरला नव्हता. तो हात ओला आणि बर्फासारखा गार होता.

मी ओव्याची डबी तशीच ठेवली आणि ह्यांना हाक मारून १०८ ला फोन करावयास सांगितले. ही १०८ ची सेवा आपल्या महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. तेव्हा ९३७ गाड्या ठेवल्या होत्या. गाडी येईपर्यंत दोन गोष्टींवरून घरात वाद झाला. एक जण म्हणाले, सोडा पाजू. दुसरे म्हणाले, खाली चालत नेऊ, म्हणजे वेळ वाचेल. लिफ्ट त्या दिवशी बंद होती. मी दोन्हींना नको म्हटले. हृदयाचा झटका असेल तर एक जिनाही जड. चार मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट खाली उतरवले. भाऊजी गाडीतल्या डॉक्टरांशीही "काही नाही हो, गॅसच" म्हणत होते. झटकाच होता. ते आज रोज सकाळी खाडीच्या बाजूला फिरावयास जातात, आणि मला पाहिले की "ओवा आहे का?" म्हणून थट्टा करतात.

हृदयाचा झटका आणि विंचवाचा दंश ही वेगवेगळी दुखणी, हे मला कळते. उपचारही वेगळे. पण गार घाम दोहोंत असतो, आणि दोन्हीकडे तो हितचिंतकासारखा येतो. आपणा बायकांना तर झटक्यात छातीत कळ न येता नुसता थकवा, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे एवढेच होते, असेही पुष्कळदा घडते. ते तर आपण स्वतःच अंगावर काढतो.

गावी जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवते. दंशाची जागा कापू नका, चोखू नका, वर घट्ट दोरी बांधू नका. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा, डॉक्टर ते पहिल्यांदा विचारतात. माणसाला चालवू-पळवू नका. घाम, उलटी, लाळ, गार हातपाय यांतले काहीही दिसले की, ठणका असो वा नसो, गाडी बोलवा. आणि लहान मूल असेल तर खुणांची वाटही पाहू नका. गोळीचे नाव मी वर लिहिले, ते माहितीसाठी. ती आपल्या मनाने कोणी देऊ नये. ती डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावयाची. पोहोचलात की "विंचू चावलाय आणि हातपाय गार आहेत" हे आधी सांगा, ठणक्याचे नंतर.

आई आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. डोळ्यांना कमी दिसते. मे महिन्यात नातवंडे अंगणात खेळून दिवेलागणीला घरात येतात, तेव्हा ती एकेकाला जवळ बोलावून त्याचा हात हातात घेते आणि तळपायाला हात लावून पाहते. मुलांना वाटते आजी लाड करते आहे. ऊन लागले की ती म्हणते, "जा, जेवायला बसा."